इंग्रजी येतं? मग फ्रेंच येतंच! : नवशिक्यांसाठी सात पायऱ्यांची सोपी कृती

अकरावीला ‘मार्कं पडतात’ म्हणून फ्रेंच घेतलेल्या आणि त्यानंतर आयुष्यात ‘बोंझूर’च्या पुढे न सरकलेल्या समस्त मंडळींना ही मार्गदर्शिका सादर अर्पण. प्रस्तुत लेखक त्याच तुकडीतला. मध्यंतरी त्याला असा शोध लागला, की फ्रेंच शिकावी लागतच नाही. ज्याला इंग्रजी येतं त्याच्या घरात ती आधीच येऊन बसलेली असते. फक्त माळ्यावरून काढून झटकायची. ती कशी झटकायची, ते खाली क्रमवार दिलं आहे.

लागणारं साहित्य

इंग्रजी : एक, कामापुरती असली तरी चालेल. मराठी : एक, घरचीच. संशय : चवीनुसार. संशय मात्र सुरुवातीलाच घालू नये, पाक बिघडतो. केव्हा घालायचा ते सांगू.

पूर्वतयारी

१४ ऑक्टोबर १०६६ ही तारीख पाठ करा. त्या दिवशी नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम यानं हेस्टिंग्जजवळ इंग्लंडच्या हॅरल्ड राजाला हरवलं आणि त्याच वर्षीच्या नाताळात वेस्टमिन्स्टरला स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. हे नॉर्मन मूळचे उत्तरेकडचे दर्यावर्दी, पण फ्रान्सच्या किनाऱ्यावर काही पिढ्या राहून फ्रेंच बोलणारे झालेले. त्यांच्यामागोमाग दरबारात, कचेरीत, चर्चमध्ये आणि मुदपाकखान्यात फ्रेंच शिरली. फारसीनं मराठीचं केलं तेच. आपण ‘बाजारहाट’ करतो, ‘कागदपत्रं’ सांभाळतो. एक शब्द दरबारचा, एक घरचा, अर्थ दोघांचा एकच. इंग्रज वकीलही ‘विल अँड टेस्टामेंट’ असं जोडीनंच बोलतो, तेव्हा त्यातलं विल घरचं असतं आणि टेस्टामेंट पाहुणं.

पाहुणे इतके रुळले, की १३६२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटला कायदा करावा लागला : फ्रेंच भाषा लोकांना कळत नाही, सबब कोर्टात बाजू इंग्रजीत मांडावी. हा कायदा फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे. सरकारी परिपत्रकांशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजदादीत इंग्रजी कोशातले सुमारे ८० हजार शब्द तपासले, तेव्हा २८ टक्क्यांहून थोडे जास्त फ्रेंचमधून आलेले निघाले आणि जवळपास तेवढेच थेट लॅटिनमधून. म्हणजे चारातला एक शब्द तुम्हाला येतोच. उरले तीन. चला.

पायरी पहिली : टोपी उचला

फ्रेंच मजकुरात काही स्वरांच्या डोक्यावर इवलीशी टोकदार टोपी दिसते. ती शोभेची नाही. ती उचला, खाली बहुतेक वेळा एक ‘स’ पुरलेला सापडतो. ‘फोरे’ची टोपी उचला : फॉरेस्ट. ‘बेत’ची उचला : बीस्ट. ‘फेत’ : फीस्ट. ‘कोत’ : कोस्ट. ‘मेत्र’ : मास्टर. ‘ओपिताल’ : हॉस्पिटल. ‘ह’ फ्रेंच लोक म्हणत नाहीत, त्याकडे तूर्त दुर्लक्ष करा.

हा ‘स’ फ्रेंचांच्या तोंडातून मध्ययुगातच गेला होता. कागदावर मात्र रेंगाळला. शेवटी १७४० साली फ्रेंच अकादमीनं आपल्या कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला रजा दिली आणि आठवण म्हणून टोपी ठेवली. इंग्रजांनी शब्द उचलले ते ‘स’ जिवंत असताना, म्हणून त्यांच्याकडे तो आजही हयात आहे. काही शब्द तर त्यांनी दोनदा उचलले : ‘स’ जिवंत असताना हॉस्टेल, मेल्यावर हॉटेल. शब्द एकच. आपण त्यातल्या एकात पोरांना शिकायला ठेवतो आणि दुसऱ्यात उभ्यानं मिसळ खातो.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांपर्यंत आपणही ‘दांत’, ‘नांव’ असं टिंबासकट लिहीत होतो. उच्चारात काही नाही, डोक्यावर टिंब आहे, कारण कोणे एके काळी तिथे एक अनुनासिक राहत होतं. (या दातावर आपण पुन्हा येणार आहोत. तोवर जपा.) टोपी काय, टिंब काय, मेलेल्या अक्षराची ती समाधी. आणि समाधीला हात लावला की माणसं पेटतात. १९९० च्या सुधारणेनं काही टोप्या ऐच्छिक केल्या, तेव्हाही वाद झाला. मग २०१६ साली त्या सुधारणा शाळेच्या पुस्तकांत दिसणार अशी बातमी आली आणि फ्रान्सभर लोक ‘मी टोपी आहे’ अशा अर्थाच्या घोषणा देऊ लागले.

इशारा : ‘ईल’ म्हणजे बेट, टोपी उचलली की ‘आइल’मधला ‘स’ सापडतो, सगळं ठीक. पण म्हणून ‘आयलंड’मधला ‘स’ही तिथलाच समजू नका. आयलंड हा अस्सल इंग्रजी शब्द, त्यात ‘स’ कधीच नव्हता. शेजारच्या ‘आइल’चं बघून तो सोळाव्या शतकात लिहिण्यात घुसवला गेला. वंशावळीत नाव घुसवणारे सगळीकडे असतात.

पायरी दुसरी : ‘ए’ सोलून ‘स’ लावा

शब्दाच्या सुरुवातीला ‘ए’ दिसला की भेंडीचं देठ काढतो तसा काढा आणि जागी ‘स’ बसवा. ‘एकोल’ : स्कूल. ‘एता’ : स्टेट. ‘एपिस’ : स्पाइस. ‘एपोंझ’ : स्पंज. ‘एत्युदियाँ’ : स्टुडंट. माणसांनाही हा नियम लागू आहे, ‘एतियेन’ म्हणजे स्टीफन.

कारण अगदी घरगुती आहे. ‘स्क’, ‘स्ट’, ‘स्प’ ही जोडाक्षरं शब्दाच्या तोंडाशी आली की जीभ अडखळते आणि आधाराला एक स्वर घेते. उत्तरकालीन लॅटिन बोलणाऱ्यांनी ‘स्कोला’चं ‘इस्कोला’ केलं, त्याचं ‘एस्कोल’ झालं, मग ‘स’ गेला आणि टेकू तेवढा उरला : ‘एकोल’. घर पडलं, टेकू राहिला. आपल्याकडे ‘इस्टेशन’ म्हणणाऱ्याला अडाणी समजतात. गॉलमधल्या, म्हणजे जुन्या काळच्या फ्रान्समधल्या, लोकांनी तेच केलं आणि त्याला आज सुसंस्कृत जगाची भाषा म्हणतात. यापुढे गावाकडच्या कुणाच्या ‘इस्कुला’ला हसण्यापूर्वी विचार करा.

प्रात्यक्षिक : ‘एतिकेत’ म्हणजे फ्रेंचमध्ये चिकटवायची चिठ्ठी, लेबल. जुन्या रूपातला ‘स’ आठवा : ‘एस्तिकेत’. सुरुवातीचा भाग गाळून इंग्रजांनी त्याचं ‘टिकेट’ केलं, आपण ‘तिकीट’. म्हणजे एसटीत कंडक्टर तुम्हाला देतो तो कागद आणि उच्चभ्रू मंडळी पाळतात ते ‘एटिकेट’, दोन्ही एकाच चिठ्ठीचे तुकडे. एकाला सुट्टे लागतात, इतकाच फरक.

पायरी तिसरी : दोन दारं ओळखा

इंग्लंडात फ्रेंच दोन दारांनी आली. पहिलं दार नॉर्मंडीचं, दुसरं मागाहून उघडलेलं पॅरिसचं. नॉर्मन तोंडात जुना जर्मानिक ‘व’ टिकला, पॅरिसकडे त्याचा ‘ग’ झाला. म्हणून इंग्रज ‘वॉर’ करतो आणि फ्रेंच ‘गेर’. इंग्रजीत वॉर्डनही आहे आणि गार्डियनही. खुद्द इंग्लंड जिंकणारा विल्यम फ्रान्सच्या इतिहासात ‘गियोम’ म्हणून आहे. आणि फ्रिजच्या कार्डावर गॅरंटी आणि वॉरंटी असे दोन शब्द पाहून यातला फरक काय, असं तुम्ही दुकानदाराला विचारलं असेल, तर भाषेच्या दृष्टीनं खरं उत्तर हे : काही नाही. एकीचा ‘व’ टिकला, एकीचा ‘ग’ झाला. दुकानदार वेगळं सांगेल; बिघाड झाल्यावर.

दुसरी खूण ‘क’ची. लॅटिन ‘का’ नॉर्मंडीत ‘क’च राहिला, पॅरिसकडे आधी ‘च’ आणि नंतर ‘श’ झाला. म्हणून इकडे कॅसल आणि तिकडे ‘शातो’. इंग्रजी ‘कॅच’ आणि ‘चेस’ हा एकच शब्द : नॉर्मन दारानं आला तेव्हा पकडलं, पॅरिसच्या दारानं आला तेव्हा नुसतंच पाठीमागे धावला. उच्चार ‘च’ असताना इंग्रजीत आलेला शब्द ‘चीफ’, ‘श’ झाल्यावर आलेला ‘शेफ’. दोन्हींचा अर्थ डोकं, म्हणजे प्रमुख. चीफ मिनिस्टर आणि हॉटेलातला शेफ हे व्युत्पत्तीनं एकाच पदावर आहेत. खिचडी दोघांनाही करता यावी लागते.

पायरी चौथी : ताटाकडे बघा

फ्रेंचमध्ये ‘मुतों’ (वर्गात हसायचं ते इथंच हसून घ्या) म्हणजे मेंढा. रानात चरणारा आणि भांड्यात शिजणारा, दोन्ही. हा शब्द रोमनांच्याही आधीच्या गॉल लोकांचा. नॉर्मनांबरोबर तो इंग्लंडात गेला आणि तिथे त्याची वाटणी झाली : रानात ‘शीप’, ताटात ‘मटन’. राखणारा इंग्रज, खाणारा नॉर्मन, हे त्याचं लोकप्रिय स्पष्टीकरण. सर वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या १८१९ च्या कादंबरीत एक विदूषक डुकरं आणि गुरं यांच्याबद्दल हेच सांगतो आणि तेव्हापासून प्रत्येक भाषाशिक्षक ते स्वतःचं म्हणून सांगतो. प्रत्यक्षात ही वाटणी एवढी झटपट झाली नाही. विजयानंतर कित्येक शतकं इंग्रजीत चालत्याफिरत्या मेंढ्यालाही मटन म्हणत असत. पण विदूषकाचं म्हणणं टाळ्या घेतं.

पुढचा प्रवास आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजांबरोबर हा शब्द भारतात उतरला, त्याचं ‘मटण’ झालं आणि कोल्हापुरात तांबड्या रश्श्यापाशी पोचेपर्यंत मेंढ्याचा बोकड झाला. म्हणजे गॉलमध्ये प्राणी, इंग्लंडात मांस आणि महाराष्ट्रात दुसऱ्याच प्राण्याचं मांस. शब्द तोच. याच भरवशावर फ्रान्समध्ये ‘मुतों’ मागवलंत तर मेंढीच येईल. तक्रार करू नका, चूक आपली आहे.

पायरी पाचवी : पाहुणे आणि रक्ताचे

आतापर्यंत भेटले ते बहुतेक पाहुणे, म्हणजे उसने शब्द. पण या दोन भाषांचं १०६६ च्या फार आधीचं रक्ताचं नातंही आहे. गंमत अशी, की पाहुणे चेहऱ्यानं सारखे दिसतात आणि सख्खे दिसत नाहीत. फ्रेंच बाप ‘पेर’, इंग्रज बाप ‘फादर’. फ्रेंच पाऊल ‘पिये’, इंग्रज ‘फुट’. ‘त्रवा’ आणि ‘थ्री’. ‘दिस’ आणि ‘टेन’. ‘साँ’ आणि ‘हंड्रेड’. रस्त्यात भेटले तर कुणी भाऊ म्हणणार नाही. पण फरक नीट पाहा : जिथे फ्रेंचच्या आईकडे, म्हणजे लॅटिनकडे ‘प’ होता तिथे इंग्रजीत ‘फ’ आहे, ‘त’ तिथे ‘थ’, ‘द’ तिथे ‘ट’, ‘क’ तिथे ‘ह’. एकदा नाही, शब्दामागून शब्द. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कनं हे १८१८ मध्ये मांडलं आणि याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये नियमात बसवलं. होय, परीकथावाले ग्रिम बंधू, त्यांतले थोरले.

आता घरच्या मराठीचा डबा उघडा. पितृ, पाद, त्रि, दश, शत. ‘गो’, इंग्रजी ‘काऊ’ आणि फ्रेंच ‘बफ’, ज्याचं इंग्रजीत ‘बीफ’ झालं, हीसुद्धा एकाच मूळ शब्दाची लेकरं. हे नातं युरोपला कळवणाऱ्यांत पहिल्या काहींपैकी एक जण गोव्यात बसला होता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं १५८३ साली भावाला पत्र लिहून कळवलं, की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. हेच ते स्टीफन्स, ज्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. (पायरी दुसरी आठवा : फ्रान्समध्ये जन्मते तर फादर एतियेन झाले असते.) पुढे दक्षिण भारतात राहिलेल्या कर्दू या फ्रेंच जेझुइटानं १७६७ मध्ये पॅरिसला हेच सविस्तर लिहून पाठवलं. नाव मात्र झालं ते १७८६ मध्ये कलकत्त्यात भाषण करणाऱ्या सर विल्यम जोन्सचं. पत्रं पडून राहतात, भाषणं छापली जातात.

आता तो जपून ठेवलेला दात काढा. संस्कृत ‘दन्त’, लॅटिन ‘देन्तेम’, आणि इंग्रजीच्या पूर्वजाकडेही याच जागी ‘न’ होता. त्या एका ‘न’चं तीन घरांत काय झालं पाहा. फ्रेंचनं तो नाकात सारला : लिहिताना ‘न’ही आहे आणि ‘त’ही आहे, म्हणताना नुसतं ‘दाँ’. इंग्रजीनं तो गिळला आणि मोकळ्या जागेत शेजारचा स्वर ताणून बसवला : ‘टूथ’, ‘द’चा ‘ट’ आणि ‘त’चा ‘थ’ हे ग्रिमच्या नियमानंच. मराठीनंही स्वर ताणला, ‘दन्त’चा ‘दांत’ केला, ‘न’चं टिंब ठेवलं आणि १९६२ च्या नियमांनी टिंबही काढून टाकलं : ‘दात’. हजारो मैलांवरच्या तीन भाषा, तिघींच्या तोंडातून पडला तो एकच ‘न’.

पायरी सहावी : संशय घाला

आता घाला. १९२८ साली केस्लेर आणि दरोकिन्यी या दोघांनी फसव्या शब्दांवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यांना नाव दिलं ‘फोझामी’, म्हणजे खोटे मित्र. ‘लिब्रेरी’त पुस्तक परत करायचं नसतं, विकत घ्यायचं असतं. ‘लोकासियों’ म्हणजे जागा नव्हे, भाड्यानं देणं. ‘देसेप्सियों’ झालं म्हणजे कुणी फसवलं नाही, अपेक्षाभंग झाला. कुणाला ‘ब्लेसे’ करायला गेलात तर आशीर्वाद लागणार नाही, जखम होईल. हिंदी सिनेमात मुलाला ‘शिक्षा’ द्यायची म्हणून बाप शहरात पाठवतो, तेव्हा पोरानं केलं तरी काय, असं ज्या मराठी आजीला वाटलं, तिला हा धडा वेगळा शिकवायला नको.

प्रस्तुत लेखकाचीच गोष्ट. एका फ्रेंच गावात दुकानांवर पाटी दिसली : पी, ए, आय, एन. ही दुखण्याखुपण्याच्या औषधांची दुकानं, असं त्यानं सोबतच्यांना ठामपणे सांगितलं. आतून भाजलेल्या पावाचा वास येत होता, तरी सांगितलं. इंग्रजीतली ही वेदना लॅटिनमधल्या दंडवाचक शब्दापासून आली. फ्रेंच पाटीवरचा ‘पँ’ लॅटिन ‘पानिस’पासून, म्हणजे पाव. अक्षरं चारही तीच, नातं शून्य. आणि ज्याच्याशी खरं नातं होतं तो शब्द लेखकाच्या तोंडात जन्मापासून होता. ‘पानिस’चं पोर्तुगीजांनी ‘पाँव’ केलं, त्यांच्याकडून आपण ‘पाव’ घेतला. ‘कंपनी’ही त्यातलीच, मुळात सोबत पाव खाणाऱ्यांचा घोळका. म्हणजे वडापाव आणि ईस्ट इंडिया कंपनी लांबचे भाऊबंद निघाले. चारही अक्षरं जुळणारा परका आणि न जुळणारा सख्खा.

पायरी सातवी : परतीच्या गाड्या

काही शब्द गेले आणि परत आले. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बूझेत’ म्हणजे चामड्याची पिशवी. इंग्रजांनी तिचं ‘बजेट’ केलं, पिशवीतून पैसा, पैशातून हिशेब काढला आणि फ्रेंचांनी तो शब्द माघारी घेतला. २०१९ मध्ये आपल्या अर्थमंत्र्यांनी चामडी बॅग सोडून लाल कापडातलं बाड संसदेत आणलं. शब्द अजून चामड्याचाच आहे. ‘टेनिस’ बहुधा चेंडू मारताना ‘तने!’, म्हणजे ‘घ्या!’, असं ओरडणाऱ्या फ्रेंच खेळाडूंकडून आलं. १९९४ साली फ्रान्सनं इंग्रजी शब्दांना आळा घालणारा कायदा केला, तेव्हा ज्यांना हाकलायचं त्यांतले कित्येक आपलेच नातू आहेत, हे बघायला कुणाला वेळ नव्हता.

शंकासमाधान

प्रश्न : या कृतीनं फ्रेंच बोलता येईल का?
उत्तर : नाही. वाचताना तिसरा-चौथा शब्द ओळखीचा वाटेल. लग्नात निम्मे चेहरे ओळखीचे वाटतात आणि नावं आठवत नाहीत, तसं.

प्रश्न : ‘डे’ आणि ‘दिवस’ तरी एकच ना?
उत्तर : नाही. ‘दिवस’ आणि लॅटिन ‘दिएस’ नात्यातले. इंग्रजी ‘डे’ शेजारचा, योगायोगानं नाकीडोळी सारखा.

प्रश्न : मग ओळखायचं कशावरून?
उत्तर : चेहऱ्यावरून नाही. एक शब्द दुसऱ्यासारखा दिसतो, याला पुरावा म्हणत नाहीत. तो दुसऱ्यापेक्षा ज्या प्रकारे वेगळा आहे, तसेच आणखी दहा शब्द वेगळे असले, तर तो पुरावा.

स्वाध्याय

१. घरातल्या फ्रिजचं कार्ड शोधा. २. येत्या रविवारी मटणाच्या दुकानात रांगेत उभं राहून मेंढ्याला श्रद्धांजली वाहा. ३. शीर्षक पुन्हा वाचा. ते खोटं आहे. इंग्रजी येतं म्हणून फ्रेंच येत नाही. बाजारातून एक चांगला शब्दकोश आणा आणि ओळखीचा वाटेल तो शब्द आधी बघा; अनोळखी शब्द आपण तसेही बघतोच.